शिट्टी नाही, मग शिजलं कसं कळायचं?

प्रश्न : लेकाने पुण्याहून इलेक्ट्रिक प्रेशर कुकर धाडला आहे. त्याला शिट्टीच नाही. आमच्याकडे बकऱ्याच्या मटणाला सहा शिट्ट्या अन् डुकराच्या मटणाला आठ, असा वर्षानुवर्षांचा हिशेब. आता मोजायचं काय? त्यात आमच्या ह्यांची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, भाकर-भात कमी करा, मटण बेतानं चालेल. मग या कुकरात डुकराचं मटण साधंसं, पीठ न लावता, रात्रीच्या जेवणाला कसं करावं? आणि एक विचारायचं राहिलं : यात वास कमी येतो का हो? आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे.
— एक गृहिणी, अकोला

उत्तर : मिनिटं मोजा. तीही बटण दाबल्यापासूनची नव्हेत, आत दाब तयार झाल्यापासूनची.

शिट्टीने मटण किती वेळ शिजलं ते कळत नाही. आत वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत आला की झाकणावरचं वजन उचललं जातं, वाफेचा एक झोत बाहेर पडतो, दाब जरासा उतरतो आणि वजन परत खाली बसतं. एवढाच त्या आवाजाचा अर्थ. मोठ्या जाळावर आठ शिट्ट्या दहा मिनिटांत होतील, बारीक जाळावर त्यालाच अर्धा तास लागेल. कुकर किती भरला आहे, रबर किती जुनं आहे, बर्नर केवढा आहे, यावरही ते बदलतं. तुमच्या आठ शिट्ट्या तुमच्या शेगडीपुरत्या खऱ्या. जाऊबाईंच्या घरी त्याच आठ शिट्ट्यांत मटण वातड राहू शकतं.

मटण शिजतं ते तापमान आणि वेळ या दोन गोष्टींवर. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण 280 मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी 99 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, आणि एकदा उकळी आली की खाली कितीही जाळ केला तरी पाणी त्याहून तापत नाही. वरची उष्णता वाफ होऊन निघून जाते. चिखलदऱ्याला, 1,100 मीटरवर, तेच पाणी 96 अंशांच्या सुमारास उकळतं, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजवायला बसलं की वाट बघावी लागते. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभराच्या पुढे तापू शकतं. गॅसवरच्या आपल्या नेहमीच्या कुकरात ते 120 अंशांच्या जवळ जातं. ही युक्ती जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच माणसाने 1679 साली असं भांडं तयार केलं आणि 1682 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मंडळींना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं. त्या जेवणात हाडंसुद्धा मऊ झाली होती.

तुमच्या नव्या कुकरात हेच तत्त्व आहे, फक्त जाळावर लक्ष ठेवायला आत यंत्रणा बसवली आहे. दाब पुरेसा झाला की ती विजेचा पुरवठा तोडते, उतरला की पुन्हा जोडते. त्यामुळे वाफ बाहेर टाकायची वेळच येत नाही आणि शिट्टीही होत नाही. यातला दाब गॅसच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, तापमान 115 ते 118 अंशांपर्यंत जातं. म्हणून गॅसवर पूर्ण दाबाखाली जे 16-17 मिनिटांत होतं, त्याला इथे 20 मिनिटं धरावीत. आणि हे नीट बघा : पडद्यावर 20 चा आकडा लावला तरी तो लगेच उतरायला लागत नाही. आधी दहा-पंधरा मिनिटं दाब चढतो, झाकणावरची छोटी खिट्टी वर येते, आणि तिथून 20, 19, 18 असं सुरू होतं. ‘दहा मिनिटं झाली, अजून वीसच दाखवतोय, बिघडला वाटतं’ म्हणून झाकणाशी झटापट करू नका.

आता वासाचं. हो, कमी येतो. शिट्टीबरोबर जी वाफ गल्लीभर जाते ती इथे आतच राहते. खडा मसाला परतताना आणि शेवटी झाकण उघडताना काय येईल तेवढाच. तुम्ही हे का विचारलंत, ते वऱ्हाडात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. डुकराचं मटण आपल्याकडे पुष्कळ घरांत होतं आणि फार थोड्या घरांत बोललं जातं. पाककृतींच्या छापील पुस्तकांत त्याचं पान सहसा सापडत नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं, तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक पहिल्यांदा एवढ्या तपशिलाने मराठी पुस्तकात आला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटात डुकरं धरायला सगळ्या गावाला कैकाडी कुटुंब हवं असतं, शेजारी मात्र नको असतं. तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजावं हा तुमचा प्रश्न आहे. कुकरने त्यात थोडी मदत केली तर घ्यावी.

आता कृती. चौघांपुरती सांगतो.

मटण पाऊण किलो घ्या. खाटकाला खांद्याचं मागा, थोडी चरबी असलेलं. निव्वळ लाल मांडीचं मांस दाबाखाली कोरडं आणि दोरीदोरी होतं. खांद्यात स्नायूंना बांधणारे चिवट पडदे जास्त असतात. ते उष्णतेने विरघळतात, रस्सा चिकटसर करतात आणि तुकडा मऊ पडतो. तुकडे चार सेंटिमीटरच्या आसपास. हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण लावून अर्धा तास ठेवा.

वाटणाला एक मध्यम कांदा जाळावर भाजून, 25 ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा खसखस, चमचाभर तीळ, धने, जिरं, शहाजिरं, दगडफूल, चार-पाच मिरी. सगळं कोरडं भाजून, थोडं पाणी घालून बारीक वाटा.

कुकर झाकण न लावता परतण्याच्या बटणावर ठेवा. तेल घालू नका. चरबीचे तुकडे आधी टाका. पाच-सहा मिनिटांत स्वतःचं तेल सोडतात. त्यात तेजपान, लवंग, दालचिनी, मग मटण. रंग बदलला की वाटण आणि तिखट घालून तीन-चार मिनिटं परता. मग पेलाभर, म्हणजे 250 मिलिलीटर, गरम पाणी. त्याहून जास्त नको. इथे वाफ उडत नाही आणि मटण स्वतःचं पाणी सोडतं. गॅसच्या सवयीने दोन पेले ओतलेत तर रस्सा पाणचट होईल. पाणी घातल्यावर लाकडी सराट्याने बूड नीट खरवडून घ्या. वाटण बुडाशी चिकटून राहिलं की हा कुकर ‘खाली लागलं’ अशी सूचना देऊन मध्येच थांबतो.

झाकण लावा, वाफेची खुंटी बंदवर आणा, जास्त दाबावर 20 मिनिटं लावा. कातडीसकट भाजलेलं मटण असेल किंवा डुक्कर गावरान, वयाने मोठं असेल, तर 30. वेळ संपली की लगेच खुंटी उघडू नका. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. एकदम वाफ सोडली तर आतला रस उसळतो, मांसातलं पाणी निघून जातं आणि तुकडे आखडतात.

शिजलं का ते बोटाने कळतं. तुकडा चमच्यावर घेऊन दाबा. लाल भाग धाग्याधाग्यांनी सुटला पाहिजे, चरबी पांढरीफट्ट न राहता काचेसारखी पारदर्शक दिसली पाहिजे, आणि कातडीत काटा अडल्याशिवाय गेला पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर आणखी पाच मिनिटं दाब द्या.

शेवटी आंबट हवं. डुकराच्या चरबीला आंबटाची जोड सगळीकडे आहे. गोव्यात व्हिनेगर नाहीतर सोलं, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या इंद्याळात व्हिनेगर, आसामच्या बोडो घरांत अंबाडीचा पाला. हा शेवटचा मार्ग आपल्या हाताशी आहे. दोनशे ग्रॅम अंबाडी उकडून, पिळून घ्या, मटणात घाला आणि झाकण उघडं ठेवून परतण्याच्या बटणावर पाच-सात मिनिटं उकळा. अंबाडीच्या भाजीत आपण घालतो त्या ज्वारीच्या कण्या मात्र इथे टाकायच्या नाहीत. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून.

तर्री दिसायला छान दिसते, पण ह्यांच्या वाटीत ती बेतानेच वाढा. दुपारी करून रस्सा फ्रिजमध्ये ठेवलात तर रात्रीपर्यंत चरबीचा पांढरा थर वर गोठतो. हवा तेवढा उचलून बाजूला काढता येतो.

आता साखरेचा हिशेब. मांसात पीठ-साखर जवळपास नसतेच. या पातेल्यात जी काही कर्बोदकं आहेत ती कांदा, लसूण, मसाला आणि अंबाडीतून आलेली, आणि पचत नाहीत ते तंतू वगळले तर सगळ्या पातेल्यात मिळून ती 30-35 ग्रॅमच्या आसपास भरतील. चौघांत वाटली तर माणशी आठ-नऊ ग्रॅम. उलट 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं असतात. सत्तर ग्रॅम पिठाची एक भाकर म्हणजे 47 ग्रॅम. चौघांच्या रश्शापेक्षा एकट्या भाकरीत जास्त! म्हणून ‘लो कार्ब’ जेवण करायचं तर कुकरपेक्षा भाकरीच्या टोपल्याकडे बघावं लागतं. रस्सा दाट करायला बेसन, भाजलेली हरभऱ्याची डाळ किंवा ज्वारीचं पीठ लावायची ज्या घरांत रीत आहे, तिथे तेही मोजायला हवं. खसखस आणि खोबऱ्याने दाटपणा येतो, पीठ लागत नाही.

ताटात मग काय? अर्धी भाकर, भरपूर काकडी-मुळा, वांग्याचं भरीत किंवा परतलेली फुलकोबी, आणि ठेचा. रिकामी राहिलेली भाकरीची जागा भाजीने भरली नाही तर माणूस रात्री दहाला चिवड्याचा डबा उघडतो, आणि केलेला हिशेब तिथेच बुडतो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ह्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भाकर एकदम अर्ध्यावर आली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळा धोका असतो. गोळीचं प्रमाण आणि भाकरीचं प्रमाण एकाच भेटीत ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मांसाचं प्रमाणही.

प्रश्न : डुकराचं मटण खाल्लं की डोक्यात किडे होतात आणि फीट येते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कुकरात शिजवलं तरी भीती असते का?
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : भीतीला आधार आहे, पण आजाराची वाट लोक समजतात ती नाही.

आजार खरा आहे. डुकराच्या पट्टकृमीमुळे मेंदूत गाठी होतात आणि त्यातून फीट येते. जिथे हा कृमी आढळतो तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांचा त्याच्याशी संबंध असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मात्र मटणातून होतो तो आजार वेगळा. कच्चट मटणात कृमीच्या गाठी राहिल्या आणि त्या पोटात गेल्या, तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात गाठी होतात. तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, म्हणजे न धुतलेल्या पालेभाजीतून, पाण्यातून, शौचानंतर न धुतलेल्या हातांतून, तर गाठी माणसाच्या मेंदूत होतात. म्हणून ज्याने जन्मात डुक्कर खाल्लं नाही, अशा पक्क्या शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. कच्ची कोथिंबीर धुवायचा कंटाळा इथे मटणापेक्षा महाग पडतो.

कुकरात या गाठी टिकत नाहीत. तुकड्याच्या मधोमध 65-70 अंश तापमान झालं की त्या मरतात, आणि कुकरात 115 अंशांवर वीस मिनिटं म्हणजे त्याच्या कितीतरी पलीकडे. धोका आहे तो चुलीवर वरवर भाजलेल्या, आत गुलाबी राहिलेल्या तुकड्यांत. मटण घेताना चिरलेल्या भागाकडे बघा. मांसात वाटाण्याएवढ्या, पाणी भरल्यासारख्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर ते मटण घेऊ नका. बंदिस्त जागेत, खाद्य देऊन पाळलेल्या डुकराचं मटण मोकाट फिरणाऱ्याच्या मटणापेक्षा भरवशाचं. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट काकडीला वापरायचा नाही.

प्रश्न : कुकरात मटण लावलं आणि मध्येच वीज गेली तर? आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचंच.
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : वीज कधी गेली त्यावर अवलंबून आहे. दाब चढून पंधरा मिनिटं होऊन गेली असतील तर झाकणाला हात लावू नका. भांडं जाड आणि वरून आच्छादलेलं असतं, दाब हळूहळू उतरतो आणि तेवढ्यात बरंचसं शिजून जातं. वीज आली की पाच-दहा मिनिटं पुन्हा दाब द्या.

दाब चढायच्या आधीच गेली असेल तर घड्याळ बघा. मांस कोमट अवस्थेत राहणं सगळ्यात वाईट. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. एरवी दोन तासांची मर्यादा धरतात, पण हवाच 32 अंशांच्या वर असेल तर एक तास. मूर्तिजापूरच्या मे महिन्यात एकच तास धरा. तेवढ्यात वीज येण्याची चिन्हं नसतील तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर चढवा. वीज परत आल्यावर काही कुकर आपोआप पुढे चालू होतात, काही तसेच गप्प बसून राहतात. आपला कोणता, ते आधी नुसतं पाणी ठेवून तपासून घ्या. आणि हा कुकर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. सहा लिटरचा कुकर साधारण 1,000 वॅट ओढतो. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या लहान इन्व्हर्टरला तो पेलत नाही.

प्रश्न : रानडुकरांनी आमची तूर आणि कपाशी पार लोळवली. मारलं तर गुन्हा म्हणतात. मग शेतात आपोआप मेलेलं सापडलं तर खायला हरकत काय?
— एक शेतकरी, परतवाडा

उत्तर : दोन्ही बाजूंनी हरकत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली रानडुकराची विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे आणि त्याचं मांस बाळगणं-विकणंही. पिकाच्या नुकसानीमुळे वनखातं काही वेळा मारण्याची परवानगी देतं, पण तीही त्याच कायद्याच्या चौकटीत, आणि कलम 39 नुसार असा प्राणी सरकारच्या मालकीचा ठरतो. घरी न्यायचा नसतो. तारेत अडकून मेलेल्या डुकराचंही तेच. तारेत करंट सोडला असेल तर गुन्हा आणखी वाढतो, आणि त्या तारेत रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही सापडतात.

प्रकृतीचं म्हणाल तर आपोआप मेलेलं जनावर कशाने मेलं ते कळत नाही. विष घातलेलं असू शकतं, आजारी असू शकतं. आणि विष कुकरच्या उष्णतेने जात नाही. रानडुकराच्या मांसात ट्रिचिनेला नावाचा सूक्ष्म कृमीही असू शकतो. हौस असेल तर पाळीव डुकराचं मटण घ्या. स्वतः पाळायचा विचार असेल तर अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत चौकशी करून मगच पैसे घाला.

तुरीचं नुकसान मात्र सोसून बसू नका. रानडुकरांनी केलेल्या पीकहानीसाठी वनखात्याकडे भरपाई मागता येते. पीक उचलण्याआधी, शेत जसं आहे तसं दाखवून पंचनामा करून घ्या, आडव्या पडलेल्या ओळींचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढा, सातबारा जोडून लगेच अर्ज द्या. आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पुढे फेऱ्या माराव्या लागल्या तर तोच कागद कामी येतो.